अकरा क्रेडिट

गुरुवारी दुपारी चार वाजता लोरेटा चर्चच्या तळघरात उतरली, तेव्हा तिच्या वडिलांची, डेडोंची, आणि भावजय डेनीनची बटाट्यावरून जुंपली होती.

“एवढं चीज घालतात?” डेडो विचारत होते. “हे सारण आहे की गोंद?”

“पोरांना आवडतं,” डेनीन म्हणाली.

“पोरांना केचपही आवडतं. उद्या केचप भरशील.”

“तुम्ही पिठाचे गोल कापा हो. सारणाचं मी बघते.”

घरच्या मैदानावर सामना असला की आदल्या गुरुवारी ओंद्रेको कुटुंबाने कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी पिरोह्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, करायच्या, हा शिरस्ता लोरेटाच्या आईने घालून दिलेला. आई जाऊन सहा वर्षं झाली तरी तो चालू होता, आणि आईचा नियमही चालू होता. उकळत्या पाण्यात ज्याची पिरोही फुटेल त्याने भांडी घासायची. डेडो चौऱ्याऐंशीचे झाले तरी त्यांची एकही फुटत नसे. डेनीनला मात्र लग्नानंतरची पहिली दोन वर्षं भांड्यांपुढून हलायला मिळालं नव्हतं, आणि ती ते अजून विसरली नव्हती.

आज पाचशे चाळीस करायच्या होत्या. टेबलावर पीठ भुरभुरलेलं, शेगडीवर दोन मोठी पातेली, एका कढईत लोण्यात कांदा. लोरेटाने कोट काढला, ॲप्रन बांधला, हात धुतले आणि डेडोंच्या शेजारी बसून गोल उचलले. पहिल्या तीन पिरोह्यांच्या कडा तिने इतक्या चिमटल्या की त्या फाटल्या.

डेडोंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही गेलं.”

“मग तोंड असं का?”

लोरेटा हॅव्हरली कॉलेजच्या निबंधक कार्यालयात एकतीस वर्षं होती. कोण कुठल्या विषयाला बसला, कुणी कुठला सोडला, हे सगळं तिच्या टेबलावरून जायचं. शिवाय खेळाडूंची यादी तपासणं हे तिचं खास काम. नियम साधा होता. पोराच्या नावावर त्या सत्रात निदान बारा क्रेडिटचं शिक्षण असलं पाहिजे. अकरा झाले की त्याने सामना तर सोडाच, सरावालाही उतरायचं नाही. ह्या नियमावर लोरेटाने भल्याभल्यांना घरी बसवलं होतं. गावात तिला त्यावरून चार लोक नावं ठेवत, आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

“ऑगीचे अकरा झालेत,” ती म्हणाली.

डेनीनचा हात सारणातच थांबला. ऑगी म्हणजे ऑगस्ट, तिचा मुलगा, संघाचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा. आणि संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणजे तिचा नवरा, लोरेटाचा धाकटा भाऊ जेरोम.

“कधीपासून?” डेडोंनी विचारलं.

“गेल्या शुक्रवारपासून. विषय सोडायचा शेवटचा दिवस होता. त्याने प्रयोगशाळेचा तास सोडला, दोन क्रेडिटचा. तेरा होते, अकरा राहिले.”

“आणि तुझ्या त्या बावळट पोरींपैकी कुणी शिक्का मारला?”

“मी मारला.”

हे सांगितल्यावर तिला हायसं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्या शुक्रवारी खिडकीबाहेर जिन्यापर्यंत रांग होती. खेळाडूंचे अर्ज ती नेहमी बाजूला काढून ठेवायची आणि एकेक करून तपासायची. पण ऑगीचा अर्ज आला तेव्हा तिला वाटलं, ह्याचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे, ह्याचे पंधरा आहेत. पंधरा गेल्या वर्षी होते. त्याला तिने लहानपणी बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं होतं. त्याचं काही तपासायची गरज आहे असं तिच्या मनातच आलं नाही. परक्या पोराच्या बाबतीत ही चूक तिच्या हातून मेली तरी झाली नसती.

“म्हणजे गेल्या शनिवारचा वेल्डनचा सामना...” डेनीन म्हणाली.

“तो खेळायला नको होता तेव्हा खेळला. तो सामना आपल्याकडून काढून घेतील.”

हिशेब तिघांनाही लगेच कळला. आठ कॉलेजांची साखळी. हॅव्हरलीने सहापैकी सहा जिंकले होते, शनिवारी येणाऱ्या पेनरोझने सहापैकी पाच. आज तारखेला शनिवारी हरले असते तरी दोघं बरोबरीत येऊन विजेतेपद वाटून मिळालं असतं. ढाल अर्धी का होईना, घरात आलेलीच होती. वेल्डन गेला की सगळं शनिवारवर. आणि शनिवारी ऑगी नाही.

डेडोंनी गोल कापायचा ग्लास खाली ठेवला. चोवीस वर्षं त्यांनी ह्याच संघाला शिकवलं होतं. तीनदा दुसरे आले. तिसऱ्या वेळी तर चेंडू गोलच्या खांबाला लागून परत आला, आणि तो खांब आजही कुणी रंगवायला घेतला की डेडो तिकडे पाठ करून उभे राहत.

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणाला नाही. सकाळी अकराला मला दिसलं.”

“मग सोमवारी सांग.”

“डेडो...”

“सांगू नकोस असं मी म्हणतोय का? सोमवारी सांग. तुला सोमवारी दिसलं.”

“मला आज दिसलं.”

“तुझा चष्मा आज घरी राहिला होता.”

“शनिवारी ऑगीला खेळवून सोमवारी सांगायचं, म्हणजे तो सामनाही जाईल.”

“जाऊ दे की. पण पोरं त्या दिवशी ढाल डोक्यावर घेऊन नाचतील ना? मी बघेन ना?” त्यांचा आवाज चिरकला. “मी चौऱ्याऐंशीचा आहे, लोरी. मला न्याय नकोय. मला ती ढाल हवी आहे.”

ज्या माणसाने तिला आयुष्यभर सरळ चालायला लावलं, शाळेतून उचलून आणलेला खडू परत द्यायला भर थंडीत दीड मैल पाठवलं, तो माणूस हे बोलत होता. तिला राग यायला हवा होता. तिला त्यांची कणव आली, आणि त्याने सगळं अवघड झालं.

डेनीन हात पुसत टेबलाशी आली. ती डेडोंची बाजू घेण्याचा प्रसंग सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच येत असावा.

“ते म्हणतात ते नको. पण लोरेटा, चूक तुझी आहे ना? मग दुरुस्त कर. शिक्का चुकून पडला म्हण. तास परत त्याच्या नावावर घाल. तेवढं तर तुझ्या हातात आहे.”

“आहे. उद्या पाचपर्यंत.”

“मग?”

“अर्जावर त्याची सही आहे, डेनीन. त्याने सोडला. मी चुकून मारला नाही, न बघता मारला. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.”

“कुणासाठी वेगळ्या आहेत? तुझ्यासाठी! माझ्या पोराचं शेवटचं वर्ष आहे हे!”

“मला माहीत आहे.”

“नाही माहीत तुला. तुला पोर नाही.”

हे बोलून डेनीनचंच तोंड पांढरं पडलं. लोरेटाने एक गोल उचलला, सारण भरलं आणि कड चिमटली. ह्या वेळी ती नीट बंद झाली.

“साडेसहाला ते दोघं येतील,” ती म्हणाली. “तोपर्यंत हात चालवू या.”

जेरोम आणि ऑगी आले ते ओल्या केसांनी, हसत. जेरोम बावन्न वर्षांचा, बापासारखाच रुंद, आणि ह्या आठवड्यात त्याचं वय दहाने उतरलं होतं. त्याने आल्या आल्या कढईतला कांदा बोटाने उचलला.

“डेडो, पेनरोझवाले म्हणे डावीकडून येणार आहेत. येऊ देत. डावीकडे मी तुमचा तो जुना...” त्याने सगळ्यांची तोंडं पाहिली. “काय झालं? कुणाची पिरोही फुटली?”

लोरेटाने सांगितलं. उभं राहून, न थांबता, एखाद्या परक्या प्रशिक्षकाला सांगावं तसं. दुसऱ्या तऱ्हेने तिला ते जमलं नसतं.

जेरोमने जो पहिला प्रश्न विचारला तो तिला पुढे कित्येक दिवस आठवत राहिला. त्याने “खरंच का?” असं विचारलं नाही. “आता काय?” असंही नाही.

“आणखी कुणाला माहीत आहे?” तो म्हणाला. अगदी बापाच्या सुरात.

“आपल्याला पाच जणांना.”

“मग पाच जणांतच राहू दे. तुझ्या त्या मशीनमध्ये दुरुस्तीची सोय आहे ना?”

“हे डेनीनने विचारून झालंय.”

“आणि?”

“नाही करणार.”

“लोरी, हे बघ.” तो खुर्ची ओढून तिच्यापुढे बसला. लहानपणी सायकल मागताना बसायचा तसाच. “अकरा वर्षं. अकरा वर्षं मी ह्या पोरांबरोबर घासतोय. पहिल्या वर्षी एक सामना जिंकला होता. एक! लोकांनी माझ्या घरापुढे ‘घर विकणे आहे’ असा फलक आणून लावला होता, आठवतं? तूच तो उपटून टाकलास. आणि आता दोन क्रेडिटसाठी...”

“आठवतं.”

“मग माझ्यासाठी एक ओळ बदलता येत नाही तुला?”

“तुझ्यासाठी फलक उपटला. तो खोटा होता म्हणून.”

“डॅड,” ऑगी म्हणाला. तो अजून दारातच उभा होता, खांद्यावर पिशवी. “अर्जावर सही माझी आहे.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“मी मोजलं नव्हतं, आत्या. देवाशपथ. मला वाटलं आत्या शिक्का मारते म्हणजे ठीकच असणार.”

हे वाक्य लोरेटाच्या वर्मी बसलं. डेनीनच्या मघाच्या बोलण्यापेक्षाही जास्त.

“पण सोडलास कशाला?” डेनीनने विचारलं. “त्या तासाला तू नापास होत नव्हतास. बी ग्रेड मिळणार होती म्हणालास.”

ऑगीने बापाकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळणं आईच्या नजरेतून सुटलं नाही.

“जेरोम?”

“मंगळवारी दुपारी जादा सराव लावलाय,” जेरोम म्हणाला. “तीन आठवड्यांपासून. सगळ्यांनाच.”

“आणि प्रयोगशाळा मंगळवारी दुपारी.”

“मी त्याला सोड असं म्हटलं नाही.”

“मग काय म्हटलंस?”

“मी म्हटलं, काहीतरी कर, मला मंगळवारी तू मैदानात हवास.”

“तेच ते!” डेनीनने टेबलावर हात आपटला, पीठ उडालं. “तेच ते, जेरोम ओंद्रेको! आणि मी मघापासून तुझ्या बहिणीच्या मागे लागलेय! मी तिला काय काय बोलले, तुला कल्पना आहे?”

“मार्ग मीच काढला, मॉम,” ऑगी म्हणाला. “डॅडनी अर्ज पाहिलासुद्धा नाही.”

“कुणीच पाहिला नाही! ह्या घरात एवढी शहाणी माणसं आणि बारापर्यंत मोजायला एकाला आलं नाही!”

डेडो फस्सकन हसले. मग त्यांना हसू आल्याचीच लाज वाटली आणि त्यांनी मिशी पुसली.

जेरोम उठला. “ठीक आहे. चूक माझी, तिची, सगळ्यांची. पण शनिवारी पंचावन्न पोरं उतरणार आहेत, त्यांनी काही केलेलं नाही. त्यांना काय सांगू? माझ्या बहिणीचं मन साफ राहावं म्हणून तुमचा वेल्डन गेला?”

“तसंच सांग,” लोरेटा म्हणाली. “जेरी, वेल्डनच्या पोरांनीही काही केलेलं नव्हतं. ते कुणाविरुद्ध खेळले? जो खेळायलाच नको होता त्याच्याविरुद्ध. गेल्या वर्षी मी त्या गुबगुबीत बचावपटूला घरी बसवलं, त्याचेही अकराच होते. त्याची आई माझ्या खिडकीशी येऊन रडली. तू मला काय म्हणालास तेव्हा? शाब्बास लोरी, नियम म्हणजे नियम. त्या बाईला मी आता काय तोंड दाखवू? तिच्या पोराचं वर्ष गेलं आणि माझ्या भाच्याचं मी एका ओळीत वाचवलं?”

पातेल्यातलं पाणी खळखळत होतं.

“उद्या सकाळी आठ वाजता मी क्रीडा संचालिकेकडे जाणार आहे,” ती म्हणाली. तिने हात ॲप्रनच्या खिशात घातले. “अर्ज घेऊन. तू बरोबर आलास तर बरं. नाही आलास तरी जाणार.”

“गेलीस तर ह्या टेबलाशी परत बसू नकोस.”

“हे टेबल आईचं आहे,” ती म्हणाली. “मी बसणार.”

जेरोम निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग वरचा दरवाजा. म्हातारी माणसं बसतात तसे डेडो खुर्चीत खचून बसले होते.

ऑगीने पिशवी खाली ठेवली. बाह्या सरसावून तो बापाच्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि त्याने एक गोल उचलला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण आवाज ठीक होता.

“आत्या, माझ्या जागी ट्रिबी उतरेल. पहिल्या वर्षाचा आहे. हात बरा आहे, पण घाई करतो. अजून अर्ध्या खुणा त्याला येत नाहीत. मला सरावाला उतरता येणार नाही ना?”

“नाही.”

“पण त्याला शिकवता येईल?”

लोरेटाने विचार केला. नियमपुस्तक तिने मनातल्या मनात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. आता काहीही तोंडपाठ आहे म्हणून ती सोडून देणार नव्हती. उद्या ते उघडून पुन्हा बघायचं हेही तिने ठरवलं.

“मैदानाबाहेर, दोघंच बसून बोललात तर हरकत नसावी. सकाळी मी विचारून देते. त्याआधी नको.”

“उद्या सकाळी म्हणजे एकच दिवस उरतो.”

“एक दिवस उरतो,” ती म्हणाली.

“पुरे आहे,” ऑगी म्हणाला.

डेनीन लोरेटाच्या शेजारी येऊन बसली. “अजून दीडशे राहिल्यात,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, मान वर न करता, “मघाशी मी जे बोलले...”

“सारण संपत आलंय,” लोरेटा म्हणाली. “चीज कमी घाल.”

शुक्रवारी आठला पाच मिनिटं कमी असताना लोरेटा क्रीडा विभागाच्या व्हरांड्यात पोहोचली तेव्हा बाकावर जेरोम बसला होता. दाढी केलेली नव्हती. मांडीवर शनिवारच्या खेळाडूंची यादी होती, आणि तीत सगळ्यात वरचं नाव पेनाने खोडलेलं होतं.

“आत गेल्यावर तू आधी बोलू नकोस,” तो म्हणाला. “संघ माझा आहे.”

“शिक्का माझा आहे.”

“मग दोघं एकदम बोलू. लहानपणी खिडकीची काच फुटली होती तेव्हा बोललो होतो तसं.”

“तेव्हा दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं होतं, जेरी.”

त्याला हसू आलं नाही. पण तो उठून उभा राहिला आणि दार त्याने तिच्यासाठी धरलं.

ऑगीने मैदानाबाहेरून ट्रिबीला शिकवायला संचालिकेने तिथेच हरकत नाही म्हटलं. दुपारी तीनला साखळीच्या कचेरीचं पत्र आलं. वेल्डनवरचा विजय रद्द. ऑगस्ट ओंद्रेको ह्या सत्रात खेळणार नाही. ज्यांनी स्वतःहून कळवलं त्यांची नोंद घेतली आहे, त्यामुळे संघावर आणखी कारवाई नाही. आणि कॉलेजने आपलं वेगळं पत्र काढलं, की चौकशी होईपर्यंत खेळाडूंची यादी तपासण्याचं काम लोरेटा ओंद्रेको यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे. ते पत्र तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि एकतीस वर्षांच्या याद्यांचा कप्पा रिकामा करून किल्ली शेजारच्या मुलीकडे दिली. मग ती प्रसाधनगृहात जाऊन पाच मिनिटं रडली, तोंड धुतलं आणि पाचपर्यंत काम केलं.

शनिवारी मैदानावर जागा नव्हती. बातमी सगळ्यांना कळली होती. फाटकाशी टायरच्या दुकानवाल्याने तिला गाठलंच.

“आज कुणाच्या बाजूने ओरडणार, लोरेटा?”

“तू ओरडतोस त्याच बाजूने. फक्त माझा आवाज मोठा आहे.”

ती डेडोंना धरून धरून वर घेऊन गेली. डेडो दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते, आणि आता तिचा हातही सोडत नव्हते. डेनीन आली, तिने आजूबाजूच्या लोकांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि सगळ्यांना दिसेल अशी लोरेटाला खेटून बसली.

ट्रिबीने सुरुवातीला घाण केली. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा चेंडू पेनरोझच्या हातात. मागून कुणीतरी “ऑगी कुठाय?” असं ओरडलं, ते कुणाला ऐकवायला होतं हे लोरेटाला कळलं. ती समोर बघत राहिली. ऑगी साध्या जाकिटात रेषेबाहेर उभा होता. ट्रिबी बाहेर आला की तो त्याच्या शिरस्त्राणाला कपाळ टेकवून काहीतरी बोलायचा आणि ट्रिबी मान हलवायचा. काय बोलत होता ते डेनीन मध्यंतरात खाली जाऊन विचारून आली. “तीनपर्यंत मोज, मग फेक. मोज.” एवढंच, पुन्हा पुन्हा.

शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा पेनरोझ चौदा, हॅव्हरली दहा. चेंडू हॅव्हरलीकडे, आणि समोर एकाहत्तर यार्ड.

“फेकू नका,” डेडो पुटपुटले. दोन दिवसांतले त्यांचे पहिले शब्द. “पायांनी जा. ते थकलेत. बघ, त्यांचा बावन्न नंबर गुडघ्यावर हात टेकतोय.”

जेरोमलाही ते दिसलं होतं. चार यार्ड, तीन यार्ड, सहा. पोरं चिखलात घुसत होती, उठत होती, परत घुसत होती. शोभेचं त्यात काही नव्हतं. एकदा चेंडू आपल्याकडे राखायला लागणाऱ्या दहा यार्डांत दोन कमी पडले तेव्हा ट्रिबी स्वतःच चेंडू घेऊन माणसांच्या ढिगात शिरला आणि सरपटत सरपटत तेवढे दोन यार्ड घेऊन आला. लोरेटा उभी राहिली. कधी ओरडायला लागली हे तिला कळलं नाही. शेवटी तीन यार्डांवरून ट्रिबीने मागे सरून पाहिलं, आणि अख्ख्या मैदानाला वाटलं की हा घाई करणार.

“मोज,” डेनीन म्हणाली. ती लोरेटाचा दंड दाबून धरून होती. “मोज, बाळा.”

त्याने मोजलं. चेंडू कोपऱ्यात उंच गेला आणि त्यांच्या सगळ्यात लंबूटांग पोराने तो पकडला. त्याचे सहा गुण आणि वर किकचा एक, सतरा–चौदा. त्यानंतर पेनरोझने दोन मिनिटं जीव तोडून प्रयत्न केला, ते चाळीस यार्डांपर्यंत आले आणि तिथे त्यांचा वेळ संपला.

लोक मैदानात धावले. खाली ढाल आली, पोरांच्या डोक्यांवरून फिरली, ऑगीच्या हातात गेली. त्याने ती ट्रिबीच्या हातात दिली. डेडो ढसाढसा रडत होते. रडता रडता म्हणाले, “ऑगी असता तर पहिल्या अर्ध्यातच संपलं असतं.”

“हो, डेडो,” लोरेटा म्हणाली.

“पण जिंकले.”

“जिंकले. पूर्ण. वाटणी नाही कुणाशी.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खिशातला रुमाल काढून आधी तिच्यापुढे धरला.

लोक पांगायला लागले तेव्हा जेरोम वर आला. अंगावर कुणीतरी ओतलेलं पाणी होतं, आवाज बसला होता. डेनीनने त्याच्या गळ्यात हात टाकले, डेडोंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तो लोरेटासमोर उभा राहिला.

“वेल्डनलाही आम्ही हरवलं होतं, लोरी. एकतीस–दहा.”

“मी होते तिथे.”

“मी तुला अजून माफ केलेलं नाही.”

“मी मागितलेलं नाही.”

तो मान हलवत राहिला. खाली पोरं गात होती, बेसूर.

“पुढच्या शनिवारी बाद फेरी आहे,” तो म्हणाला. “खेळाडूंची यादी सोमवारी जायची आहे.”

“तपासायचं काम आता माझ्याकडे नाही. काढून घेतलंय.”

“माहीत आहे. ती नवी मुलगी तपासेल, सही तिची असेल.” त्याने ओल्या बाहीने तोंड पुसलं. “पण तू पाहिलीस असं मला कळल्याशिवाय मी ती पाठवणार नाही.”

लोरेटाने डेडोंचा रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

“उद्या प्रार्थनेच्या आधी घेऊन ये,” ती म्हणाली. “आणि प्रत्येकाचे क्रेडिट नावापुढे लिहून आण. तोंडी सांगितलेलं मी ऐकणार नाही.”